प्रोग्रॅम पूर्ण झाल्यावरच कळणाऱ्या गोष्टी

हे नऊ आकडे पाहा: १३९, ७०, २५२, ३, ७०, २५०, १३७, ७०, २५४. आणि आता हे चार: २७, २८, ९६, ६२.

दोन्ही ओळी एकच काम सांगतात. दोन व्हेरिएबलमधल्या संख्या घ्या, त्यांची बेरीज करा आणि उत्तर तिसऱ्या व्हेरिएबलमध्ये ठेवा. पहिली ओळ नव्वदच्या दशकातल्या पीसीच्या प्रोसेसरला थेट समजते. दुसरी ओळ त्याला अजिबात समजत नाही. तरीही ती त्याच पीसीवर तेच काम करून दाखवते आणि निम्म्याहून कमी जागेत करते. हे घडतं कसं?

आधी नऊ आकड्यांची ओळ उलगडू. प्रत्येक आकडा म्हणजे एक बाइट. १३९ म्हणतो, मेमरीतून संख्या उचल. ७० सांगतो की ती एएक्स नावाच्या रजिस्टरमध्ये (म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या एका छोट्या कप्प्यात) ठेवायची आणि तिची जागा बीपी नावाच्या रजिस्टरमधल्या पत्त्यापासून मोजायची. किती अंतरावर? २५२. एका बाइटमध्ये ऋण संख्या लिहिताना ती २५६ मधून वजा करून लिहितात, म्हणून २५२ म्हणजे उणे चार. पुढचा ३ म्हणतो, बेरीज कर. पुन्हा ७०, आणि २५० म्हणजे उणे सहा. शेवटी १३७: आता उलट्या दिशेने, रजिस्टरमधून मेमरीत. पुन्हा ७०, आणि २५४ म्हणजे उणे दोन.

बघा, नऊपैकी तीन बाइट तेच आहेत. कुठलं रजिस्टर आणि कुठून मोजायचं, ही एकच गोष्ट प्रोसेसरला तीन वेळा सांगावी लागली!

चार आकड्यांची ओळ जावाच्या आभासी यंत्राची आहे. हे यंत्र कुठल्या कारखान्यात बनत नाही, ते फक्त कल्पनेत असतं. त्याच्याकडे रजिस्टरं नाहीत. आहे तो एक स्टॅक: संख्या एकावर एक ठेवायच्या आणि वरूनच उचलायच्या. २७ म्हणतो, पहिल्या क्रमांकाचं व्हेरिएबल स्टॅकवर ठेव. २८ म्हणतो, दुसऱ्या क्रमांकाचं ठेव. ९६ वरच्या दोन संख्या उचलून त्यांची बेरीज परत ठेवतो. ६२ ती बेरीज तिसऱ्या क्रमांकाच्या व्हेरिएबलमध्ये टाकतो. बस्स, झालं.

मग पत्ते गेले कुठे? ते आज्ञेच्या आतच मुरले! बहुतेक फंक्शनं आपली पहिली तीन-चार व्हेरिएबलंच सारखी वापरत असतात. म्हणून यंत्र रचणाऱ्यांनी त्या प्रत्येकासाठी वेगळी आज्ञा राखून ठेवली. बेरजेला तर काहीच सांगावं लागत नाही, कारण बेरीज कायम स्टॅकच्या माथ्यावरच्या दोन संख्यांची. जे नेहमी लागतं ते लहान करा, जे क्वचित लागतं ते मोठं असलं तरी चालेल. सगळं रहस्य एवढंच, आणि त्यातून केवढी जागा वाचते!

जावा लोकांसमोर आली १९९५ मध्ये. कल्पना मात्र बरीच जुनी. सत्तरच्या दशकात झुरिकच्या ईटीएच विद्यापीठात निक्लाउस विर्थ यांच्या गटाने पास्कल भाषेसाठी असंच काल्पनिक यंत्र वापरलं आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेने त्यावर एक अख्खी प्रणाली उभारली. त्यांना हवी होती मोकळीक: प्रोग्रॅम एकदा कंपाइल करायचा, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरवायचा, आणि कुठल्याही कॉम्प्युटरवर चालवायचा. पण १९९२ मध्ये मायक्रोसॉफ्टने सी/सी++ ७.० हा कंपायलर बाजारात आणला, तेव्हा त्यात हीच युक्ती अगदी वेगळ्या गरजेपोटी आली. तिचं नाव पी-कोड. त्यातला ‘पी’ पॅक्डचा, म्हणजे ठासून भरलेला कोड. इथे सगळी धडपड जागेसाठी होती.

आज मोबाइलमध्येही गिगाबाइटांनी मेमरी असते, त्यामुळे ती टंचाई डोळ्यांसमोर आणणं अवघड जातं. डॉसवर प्रोग्रॅमला हक्काची जागा ६४० किलोबाइट, आणि त्यातही खुद्द डॉस वाटेकरी. फ्लॉपीवर मावायचं १.४४ मेगाबाइट. आणि लोकांना हवे होते एक्सेल आणि वर्डसारखे भरगच्च प्रोग्रॅम. मायक्रोसॉफ्टचे स्वतःचे प्रोग्रॅमर आपल्या एक्सेल, वर्ड आणि पॉवरपॉइंटसाठी पी-कोड आधीपासून वापरत होते. १९९२ मध्ये तो कंपायलरच्या डब्यातून सगळ्यांच्या हाती आला. कंपनीने तेव्हा दाखला दिला तो विंडोजसाठीच्या ‘प्रोजेक्ट’ या प्रोग्रॅमच्या पहिल्या आवृत्तीचा. रिसोर्स फाइली सोडून तो ९३२ किलोबाइटचा होता आणि पी-कोडमुळे ५५६ वर आला. ३७६ किलोबाइट वाचले! एका फ्लॉपीचा चौथा भाग, आणि वापरणाऱ्याच्या नजरेतून प्रोग्रॅममधलं काहीच कमी झालं नाही.

आता खरी अडचण. प्रोसेसरला ही भाषा येत नाही. जावाची ती चार बाइटची ओळ पीसीच्या प्रोसेसरपुढे तशीच टाकली, तर तो २७ आणि २८ एकत्र वाचून एक वजाबाकी करील. मग ९६ दिसताच आपली सगळी रजिस्टरं स्टॅकवर ढकलून देईल. बाइट तेच, अर्थ भलताच. म्हणून मध्ये एक दुभाषी लागतो. पी-कोडच्या प्रोग्रॅममध्ये तो फाइलच्या आतच बसवलेला असे आणि त्याचा आकार सुमारे ९ किलोबाइट होता.

नऊ किलोबाइटांत एक संपूर्ण काल्पनिक यंत्र! तरी त्याचं काम सांगायला सोपं आहे. हे दुभाषी इंजिन पुढचा एक बाइट वाचतं. त्या आकड्याने एका टेबलात बघतं. टेबलात प्रत्येक आज्ञेसाठी प्रोसेसरच्या भाषेतल्या एका छोट्या तुकड्याचा पत्ता असतो. तिथे उडी मारायची, तुकडा चालवायचा आणि पुन्हा पुढचा बाइट वाचायचा. २५६ आज्ञांचं, दोन-दोन बाइट पत्त्यांचं टेबल भरतं जेमतेम अर्धा किलोबाइट.

इथे थोडा हिशोब करू. पी-कोडने सर्वसाधारणपणे ४० टक्के जागा वाचते असं मायक्रोसॉफ्ट सांगत असे. इंजिनची किंमत ९ किलोबाइट. म्हणजे कोड साडेबावीस किलोबाइटच्या आसपास असेल, तर वाचलेलं सगळं इंजिनच खाऊन टाकणार. त्याच्या पुढे मात्र प्रत्येक किलोबाइटमागे फायदा. इंजिन एकदाच ठेवायचं, फंक्शनं शेकडो असली तरी.

किंमत अर्थातच वेगात मोजावी लागते. एका बेरजेसाठी आता वाचणं, शोधणं, उडी मारणं असा सगळा खटाटोप. पण प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो? बहुतेक वेळ खातो तो कोडचा लहानसा भाग: आतली लूप, मोठ्या यादीची मांडणी, पडद्यावरचं चित्र. बाकी मेनू, डायलॉग आणि चुकांचे संदेश. ते क्वचित चालतात आणि तेव्हा कॉम्प्युटर माणसाच्या पुढच्या क्लिकची वाटच बघत असतो. म्हणून या कंपायलरमध्ये एका फाइलच्या आतही, एकेका फंक्शनपुरता, पी-कोड चालू-बंद करता येत असे. अवघड गणित प्रोसेसरच्या भाषेत, बाकी सगळं ठासून भरलेलं.

पण मग एकाच प्रोग्रॅममध्ये दोन भाषा बोलणारी फंक्शनं एकमेकांना हाक कशी मारणार? प्रोसेसरच्या भाषेतल्या फंक्शनला तर ठाऊकच नसतं की समोरचं पी-कोडात आहे. ते सरळ त्याच्या पत्त्यावर उडी मारतं. त्यासाठी पी-कोडातल्या फंक्शनच्या तोंडाशी प्रोसेसरच्या भाषेतला एक इवलासा तुकडा असे. उडी त्या तुकड्यावर पडते, तो इंजिनला जागं करतो, आणि त्यानंतरचे बाइट इंजिन वाचू लागतं. फंक्शन संपलं की ताबा जिथून आला तिथे परत. हाक मारणाऱ्याला पत्ताही लागत नाही की मधल्या वेळात आपण एका काल्पनिक यंत्रावर होतो!

आता या सगळ्याची जुळणी कोण करतं, ते पाहू.

कंपायलर एका वेळी एकच फाइल पाहतो. मोठ्या प्रोग्रॅममध्ये अशा शेकडो फाइली असतात आणि प्रत्येकीपासून एकेक ऑब्जेक्ट फाइल तयार होते. तिच्यात जागोजागी रिकामे खड्डे असतात: ‘इथे त्या अमुक फंक्शनचा पत्ता हवा, पण ते दुसऱ्या फाइलीत आहे.’ हे खड्डे भरतो लिंकर. तो सगळ्या ऑब्जेक्ट फाइली एकापुढे एक मांडतो, कोण कुठे पडलं ते ठरवतो आणि प्रत्येक खड्ड्यात खरा पत्ता लिहितो. पाठ्यपुस्तकातली गोष्ट इथे संपते: कंपाइल, लिंक, आणि फाइल तयार.

पी-कोडची गोष्ट इथे संपत नाही. लिंकरनंतर एमपीसी नावाचा एक वेगळा प्रोग्रॅम त्या तयार फाइलीवरून फिरवावा लागे. ‘मेक पी-कोड’ हे त्याचं पूर्ण नाव. त्याच्या हाताखालून गेल्याशिवाय पी-कोडची फाइल चालण्याजोगी होत नसे. आणि डीबगरसाठी, म्हणजे चुका शोधायच्या अवजारासाठी, माहितीही हवी असेल, तर सीव्हीपॅक नावाचा आणखी एक.

हे असं का? लिंकरनेच हे सगळं का करू नये?

कारण लिंकर ज्या जगात वाढला, तिथे खड्डे एकाच प्रकारचे असतात: दोन किंवा चार बाइटची जागा आणि तिथे लिहायचा पत्ता. काल्पनिक यंत्राचा जीव तर असे पूर्ण पत्ते टाळण्यात आहे. प्रत्येक हाकेला चार बाइटचा पत्ता लिहायचा असेल, तर ठासून भरण्यात अर्थ तो काय? त्यापेक्षा फंक्शनांना क्रमांक द्यावेत, पत्ते एका टेबलात एकदाच लिहावेत आणि हाक मारताना फक्त क्रमांक सांगावा. पण क्रमांक देणार कधी? सगळी फंक्शनं एका जागी आल्यावरच. एकच फाइल पाहणाऱ्या कंपायलरला शेजारच्या फाइलीत किती फंक्शनं आहेत हे कुठून कळणार?

फंक्शनच्या तोंडाशी असलेल्या त्या छोट्या तुकड्याचंही तसंच. एखाद्या फंक्शनला फक्त पी-कोडातलीच फंक्शनं हाक मारत असतील, तर तो तुकडा निव्वळ ओझं. पण हाक मारणारं कुणी दुसऱ्या फाइलीत दडलेलं नाही, याची खात्री कंपायलर देऊ शकत नाही. म्हणून सी/सी++ ७.० मध्ये तो तुकडा गाळण्यासाठी वेगळा पर्याय ठेवलेला होता आणि तो वापरताना खात्री प्रोग्रॅमरला द्यावी लागे. कंपायलरला जे दिसत नाही, त्याची हमी माणसाने द्यायची.

इथे एक मोठी गोष्ट हाती लागते. प्रोग्रॅमबद्दलचं काही सत्य त्याच्या कुठल्याही एका भागात नसतं. सगळे भाग एकत्र येईपर्यंत ते अस्तित्वातच नसतं! एकूण फंक्शनं किती, कोण कोणाला हाक मारतं, कुठला तुकडा कुठे पुन्हा आला आहे: या प्रश्नांची उत्तरं प्रोग्रॅम पूर्ण होण्याच्या क्षणी जन्माला येतात.

पुन्हा येण्याचीच गोष्ट घ्या. पी-कोडातली मला सर्वांत आवडणारी युक्ती तीच आहे. आरत्यांच्या छापील पुस्तकात ध्रुपद एकदाच पूर्ण छापतात आणि पुढच्या प्रत्येक कडव्याखाली नुसतं ‘ध्रु.’ लिहितात. म्हणणारा तिथे पोचला की पूर्ण ध्रुपद म्हणतो आणि पुढच्या कडव्याला लागतो. पी-कोडात हेच होतं. आज्ञांचा एखादा क्रम आधी येऊन गेला असेल, तर दुसऱ्यांदा तो लिहायचा नाही. तिथे एक छोटी आज्ञा ठेवायची: ‘मागे जा, तो तुकडा चालव आणि इथे परत ये.’ त्याला क्वोटिंग म्हणत.

प्रोसेसरच्या भाषेत हे का जमत नाही? जमतं, पण परवडत नाही. तिथे साधी हाक मारायलाच तीन बाइट लागतात, वर परतीची आज्ञा. चार-पाच बाइटच्या तुकड्यासाठी एवढा खर्च करून वाचणार काय? त्याहून मजेदार कारण दुसरं. प्रोसेसरच्या भाषेत तोच विचार प्रत्येक वेळी वेगळे बाइट घेऊन येतो, कारण या खेपेला एक रजिस्टर मोकळं असतं, पुढच्या खेपेला दुसरंच. स्टॅकच्या यंत्रात रजिस्टरंच नाहीत. तोच विचार पुन्हा आला की तेच बाइट पुन्हा येतात. रजिस्टरं काढून टाकली ती आज्ञा लहान व्हाव्यात म्हणून, आणि त्यातून पुनरावृत्ती उघडी पडली. मग ती पुनरावृत्तीही पिळून काढता आली! एका बचतीने दुसऱ्या बचतीला वाट करून दिली.

पण तुकडे गाळले की फाइल आखडते. मधले दहा बाइट गेले की त्यांच्यानंतरचं सगळं दहा बाइट अलीकडे सरकतं. प्रत्येक उडी, प्रत्येक पत्ता आणि डीबगरसाठी लिहिलेली ‘सतराव्या ओळीचा कोड इथे आहे’ ही नोंद, सगळं त्यासोबत बदलायला हवं. नाही तर तुम्ही एका ओळीवर ब्रेकपॉइंट लावाल आणि प्रोग्रॅम भलत्याच ठिकाणी थांबेल. म्हणून क्रमाला महत्त्व: आधी लिंकर, मग एमपीसी आणि डीबगरच्या माहितीला हात सगळ्यांत शेवटी.

तो शेवटचा हात सीव्हीपॅकचा, आणि त्याचं कामही पाहण्यासारखं आहे. विंडोजचा प्रोग्रॅम लिहिताना जवळपास प्रत्येक फाइल एकाच मोठ्या हेडर फाइलीला आत ओढते. त्या हेडरमध्ये शेकडो प्रकारांची वर्णनं: खिडकी म्हणजे काय, बिंदू म्हणजे काय, संदेश म्हणजे काय. कंपायलर प्रत्येक फाइलसाठी ही वर्णनं डीबगरच्या माहितीत नव्याने लिहितो. शंभर फाइली असतील तर ‘बिंदूला दोन भाग असतात, एक आडवा आणि एक उभा’ हे शंभर वेळा लिहिलं जातं. प्रत्येक फाइलपुरतं ते बरोबरच आहे, पण एकत्र आल्यावर नव्याण्णव प्रती फुकट. सीव्हीपॅक सगळी वर्णनं जुळवून एकेक प्रत ठेवतो. हेही लिंकरच्या आधी शक्य नव्हतं, कारण नव्याण्णव प्रती तोवर एकमेकींना भेटल्याच नव्हत्या.

पी-कोडचे दिवस कधीच सरले. प्रोसेसर वेगवान झाले, मेमरी स्वस्त झाली. पण लिंकरनंतरची ही कामं संपली का? मुळीच नाही. उलट ती इतक्या ठिकाणी दिसतात की एकदा डोळा बसला की दिसतच राहतात.

१९८९ मध्ये जपानमध्ये आलेला निन्टेन्डोचा गेम बॉय घ्या. तो सुरू होताना त्याच्या पोटातला २५६ बाइटचा एक प्रोग्रॅम आधी कार्ट्रिजची झडती घेतो. कार्ट्रिजमध्ये निन्टेन्डोच्या नावाचं ४८ बाइटचं चित्र जसंच्या तसं आहे का? असेल तर पुढची परीक्षा. पत्ता ३०८ पासून ३३२ पर्यंतचे २५ बाइट घ्यायचे, ज्यात खेळाचं नावही असतं. शून्यापासून सुरुवात करून प्रत्येक बाइट आणि वर एक, असं वजा करत जायचं आणि दर वेळी उत्तराचा एकच बाइट जपायचा. शेवटी जे उरेल, ते ३३३ व्या पत्त्यावरच्या बाइटशी जुळलं पाहिजे. जुळलं नाही तर? गेम बॉय तिथेच अडून बसतो. खेळ कितीही सुंदर लिहिलेला असो, तो सुरूच होत नाही.

आज छंद म्हणून गेम बॉयचे खेळ लिहिणारे लोक आरजीबीडीएस नावाची अवजारं वापरतात. त्यात लिंकरनंतर आरजीबीफिक्स हा प्रोग्रॅम चालवतात. तो चित्र भरतो, ती वजाबाकी करतो आणि ३३३ व्या जागी उत्तर लिहितो. नावातलं एक अक्षर बदलून बघा. इंग्रजी ‘ए’च्या जागी ‘बी’ केलं की तो बाइट ६५ वरून ६६ होतो आणि उत्तर बरोबर एकाने उतरतं. मग हे उत्तर स्वतः त्या वजाबाकीत का धरत नाहीत? धरलं असतं, तर उत्तर लिहिताच वजाबाकी बदलली असती! म्हणून ते २५ बाइटांच्या अगदी लगत, पण बाहेर ठेवलेलं आहे. स्वतःविषयी काही लिहायचं असेल, तर ते मोजणीतून वगळायचं. एक उपाय हा.

अॅपलच्या २०२० पासूनच्या, स्वतःच्या चिपवर चालणाऱ्या मॅकमध्ये दुसरा उपाय दिसतो. त्या चिपसाठी कंपाइल केलेल्या कोडवर डिजिटल सही नसेल, तर तो चालतच नाही. अगदी तुम्ही स्वतःसाठी लिहिलेला दोन ओळींचा प्रोग्रॅमसुद्धा! म्हणून लिंकर जाता जाता स्वतःच एक प्राथमिक सही करून ठेवतो. सही म्हणजे फाइलच्या पानापानाचा गणिती ठसा. त्यानंतर फाइलमधला एखादा बाइट इकडचा तिकडे केलात, की सही बाद. म्हणून प्रोग्रॅमला लागणाऱ्या लायब्ररीचा पत्ता बदलणारं अॅपलचं अवजार बजावतं की आता सही उरणार नाही. इथला उपाय क्रमाचा: बाकी सगळं आटपून घ्या, सही शेवटी.

पण सर्वांत थक्क करणारा उपाय लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, आहे.

कर्नल अडखळला तर तो कुठल्या फंक्शनमध्ये अडखळला हे त्याला नावानिशी सांगता यायला हवं. म्हणून तो आपल्या पोटात स्वतःच्याच फंक्शनांची यादी बाळगतो: हे नाव, हा पत्ता. आता ही यादी बनवायची कशी? पत्ते हवे असतील तर आधी लिंक करावं लागेल. लिंक केलं, पत्ते मिळाले, यादी तयार झाली. ती कर्नलमध्ये घातली. पण यादीनेही जागा घेतली की! तिच्या पुढचं सगळं सरकलं आणि यादीतले पत्ते चुकले. चुकीची यादी घेऊन फिरणारा कर्नल काय कामाचा?

उपाय असा. पहिल्यांदा यादी रिकामी ठेवून लिंक करायचं. त्यावरून यादी बनवायची. तिच्यातले पत्ते चुकीचे आहेत, पण तिचा आकार बरोबर आहे, आणि आत्ता आपल्याला फक्त आकार हवा आहे. ती आत घालून दुसऱ्यांदा लिंक करायचं. आता सगळं आपापल्या खऱ्या जागी पोचलं. या दुसऱ्या कर्नलवरून पुन्हा यादी काढायची. आकार तोच, पत्ते मात्र खरे. ती आत घालून अखेरचं लिंक. चुकीच्या आकड्यांनी भरलेली एक यादी बनवली ती केवळ जागा अडवण्यासाठी, आणि ती मुद्दाम बनवल्यामुळेच खरी यादी मिळाली!

तरी एक शक्यता उरते. कर्नल फुगल्यामुळे काही उड्या फार लांबच्या झाल्या, तर लिंकर मध्ये छोटे पूल टाकतो. त्या पुलांना नावं असतात. नावं आली म्हणजे यादी पुन्हा वाढली. कर्नल बांधणारी स्क्रिप्ट हेही तपासते: दोन फेऱ्यांमधल्या यादीचा आकार सारखा आहे का? नसेल तर आणखी एक फेरी. असेल तर काम झालं. प्रोग्रॅम पूर्ण कधी झाला, याचं यापेक्षा नेमकं उत्तर मला माहीत नाही: स्वतःविषयी त्याने जे लिहून ठेवलं आहे ते लिहूनही तो बदलला नाही, की पूर्ण झाला.

तुमच्याकडे लिनक्स असेल, तर त्याने ही यादी वाचायलाही ठेवली आहे. ‘प्रॉक’ नावाच्या डिरेक्टरीतली केऑलसिम्स ही फाइल उघडा. हजारो ओळी धावत जातील, प्रत्येकीत एक पत्ता आणि एक नाव. साध्या वापरकर्त्याला पत्त्यांच्या जागी बहुधा शून्यंच दिसतील, कारण कर्नल ते सुरक्षेसाठी झाकून ठेवतो. प्रशासक म्हणून उघडलीत तर खरे आकडे दिसतील. आणि पुढच्या वेळी एखादा मोठा प्रोग्रॅम बांधताना पडद्यावर ओळी सरकत जातील, तेव्हा ‘लिंक’ या शब्दानंतरच्या ओळी वाचा. तिथे चालणाऱ्या प्रत्येक अवजाराला एकच प्रश्न विचारा: तुला आत्ता असं काय कळलं, जे कंपायलरला कळणं शक्यच नव्हतं? उत्तर दर वेळी वेगळं असेल, आणि दर वेळी ते शोधण्यासारखं असेल.